1976 ची पद्मिनी, आठ-नऊ महिने घरच्यांसोबत सांभाळून झाल्यावर

गाडी काकांच्या एका मित्राकडे बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. प्रीमिअर पद्मिनी, पेट्रोल, 1089 सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. गेल्या पावसाळ्यानंतर पुण्याला आणली आणि तेव्हापासून बाबा, काका, मी आणि कॉलेजातली लेक असे चौघं तिच्या मागे लागलोय. यूट्यूबवर अशा गाड्यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, सगळ्यात गाडी चकाचक, म्हणून म्हटलं रोजचं काय असतं ते लिहावं.

पहिली गोष्ट, ही गाडी एकट्याने सांभाळायची नाहीच. हौस कितीही असू दे, निम्मी कामं दोन माणसांची आहेत. ब्रेकचंच घ्या. चारही चाकांना ड्रम, आणि लाईनमधली हवा काढायची तर एकाने आत बसून पॅडल मारायचं आणि दुसऱ्याने चाकाशी झोपून निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सोडायचा. बायको ऑफिसला, लेक क्लासला, म्हणून आईला बसवलं. ती मांडीवर ताट घेऊन मटार सोलत बसली, खालून बाबा ओरडणार "दाब, दाब, दाब... धरून ठेव", मी निपल अर्धा आटा सोडणार, नळीतून बुडबुडे बाटलीत, मग निपल बंद आणि मगच "सोड". एवढ्यात मावशीचा फोन आला, आईने पाय काढला, निपल उघडाच, हवा परत आत. बाबा काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, तुम्ही बसा वर, मी झोपते खाली." त्या चाकाचं सगळं पहिल्यापासून. पण संध्याकाळी पॅडल दगडासारखं घट्ट लागलं तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच होती, आता शेजारपाजारी "ब्रेक मी केलेत" म्हणून सांगते.

लेकीकडे इग्निशन. डेल्कोचं (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) झाकण काढून आतले पॉईंट घासायचे, फिलर गेजच्या पातळ पट्टीने त्यांच्यातला गॅप लावायचा, आणि तेवढ्यासाठी कोणीतरी गाडी टॉप गिअरला टाकून इंच इंच ढकलायची, म्हणजे कॅम वर येतो आणि पॉईंट उघडतात. ढकलायचं काम माझं. खरं सांगू का, आजच्या गाडीचं बॉनेट उघडून मी तिला काय दाखवणार होतो, प्लास्टिकचं कव्हर? इथे पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते सगळं डोळ्याला दिसतं, आणि बाबा जे एरवी जेवताना तीन वाक्यांवर बोलत नाहीत ते कार्ब्युरेटर उघडला की तासभर बोलतात.

आता डोक्याला ताप. एक नंबर पेट्रोल. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालंच मिळतं आणि ही गाडी काही त्यासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाईप मऊ पडले, एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा गेला. नळ्या सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या, पडदा बदलला, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल कमीच ठेवतो. उन्हाळ्यात व्हेपर लॉक वेगळा, म्हणजे गरमीने पेट्रोलची वाटेतच वाफ होते आणि पुरवठा अडतो. कात्रजच्या घाटात बंद पडली, एसी पंपावर ओलं फडकं ठेवून बसलो. तेवढ्या वेळात थांबलेल्या प्रत्येक माणसाने आधी आपल्या गाडीची गोष्ट सांगितली आणि मग सल्ला दिला, प्रत्येकाचा वेगळा.

दोन नंबर पार्ट. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी धावत होती तोपर्यंत क्लच प्लेटपासून बुशपर्यंत सगळं चालतं सामान होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता रविवारी जुना बाजार, नाहीतर कुर्ल्याची चक्कर, आणि नवीन म्हणून जे रबर मिळतं ते वर्षही काढेल असं वाटत नाही. एका दुकानदाराने ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किट ओरिजिनल म्हणून दिलं, महिन्यात गळायला लागलं. जुना माल दिसला की दोन घेऊन ठेवा.

तीन नंबर घरातले वाद. पन्नास वर्षं झाली की गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, 2021 पासून तसा नियम आहे, फी 20,000. काकांना तेच करायचंय. बाबा ऐकायलाच तयार नाहीत, कारण मग ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. "मग काय हार घालून ठेवायची का?" इति बाबा. मला विचाराल तर बाबांचं बरोबर आहे, ही गाडी उभी राहिली की जास्त बिघडते, सील सुकतात, ब्रेक धरून बसतात. सकाळी मंडईपर्यंत नेली की ठणठणीत.

चालवायला मस्त, पण साठ-पासष्टच्या वर मजा नाही. शहरात दहा-अकराचं मायलेज, एसी नाही, पावसात काच आतून पुसत बसायचं.

घेणार असाल तर इंजिनला घाबरू नका, ते कोणीही जुना मिस्त्री बसवून देतो. पायाखालचं मॅटिंग उचला, पत्रा बघा, दाराखालच्या पट्टीला अंगठा दाबून बघा. समुद्राजवळची गाडी असेल तर दोनदा बघा. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून नवीन टाकावा लागला आणि इंजिनपेक्षा जास्त पैसे तिथेच गेले. पेंटिंग अजून बाकी आहे, बाबांना मूळचा क्रीम हवाय, लेकीला गडद हिरवा, आणि दोघंही एकमेकांना न सांगता मला शेड कार्ड पाठवतायत.