उंचीची भीती असेल तर घ्या, इंजेक्शनची असेल तर थांबा (भीतीवरचं व्हीआर ॲप)

हेडसेट डोळ्यांवर चढवून वापरायचं व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे खरं वाटणारं आभासी जग) ॲप आहे, उंची, अंधार, साप, कोळी, बंद लिफ्ट, चारचौघांत बोलणं, रक्त-इंजेक्शन असे वेगवेगळे भाग आहेत, म्हणजे बहुतेक लोकांना ज्याची धास्ती असते ते जवळपास सगळं आलं. मी उंचीचा भाग पूर्ण केला, धाकट्या बहिणीने इंजेक्शनचा घेतला, त्यामुळे दोन्हीबद्दल लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते हे की घाबरवायच्या आधी शरीरात काय चालतं ते नीट सांगतात. मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो, किडनीच्या वरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात धावायला लागतं, पोटाकडचं आणि कातडीकडचं रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि बोटं गार पडतात, आणि पचन थांबल्यामुळे घशाला कोरड. बोटांना मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास मांडलेली 'लढा नाहीतर पळा' ही गोष्ट शाळेत कुणी अशी समजावली असती तर किती बरं झालं असतं, छातीत धडधडलं की मला हार्टचंच काहीतरी आहे असं वाटून अजून धडधडायचं.

आता काचेची लिफ्ट. पायाखाली घरातलीच फरशी आहे हे पक्कं माहिती असतं, तरी लिफ्ट वर जायला लागली की गुडघे ताठ होतात, पायाची बोटं फरशी धरायला बघतात आणि तळहाताला इतका घाम की कंट्रोलर निसटायला लागला. मनाला कितीही समजवा, शरीर आधीच कामाला लागलेलं असतं. मधेच स्क्रीनवर विचारतात भीती 0 ते 10 मध्ये किती, मी 8 दिले तर लिफ्ट तिथेच थांबली, वर नाही खाली नाही, नुसतं उभं राहायचं आणि खाली बघायचं. आकडा उतरला की मगच पुढचा मजला. हे फार म्हणजे फार महत्त्वाचं आहे, कारण भीती शिगेला असताना पळालो की मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी अजून लवकर पळायला लावतो. व्हीआरने उंचीची भीती कमी होते हे बार्बरा रॉथबॉम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या टीमने 1995 मध्येच दाखवलंय, आणि मी आता गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली बघू शकते.

पण इंजेक्शनच्या भागाने मला खरंच राग आणला. बाकीच्या भीतीत बीपी वर जातं आणि तसंच राहतं, त्यामुळे चक्कर आल्यासारखं वाटलं तरी सहसा कोणी पडत नाही. रक्त किंवा सुईच्या भीतीत मात्र बऱ्याच जणांचं बीपी आधी वर जाऊन मग धाडकन खाली येतं. अशा वेळी ॲप काय सांगतं, तर 'अंग सैल सोडा, संथ श्वास घ्या', जे लिफ्टमध्ये सांगतं तेच! "ताई, डोळ्यासमोर अंधारी येतेय," बहीण म्हणाली, ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम, मी हेडसेट काढून तिला आडवं केलं आणि पाय उशीवर वर ठेवले.

इथे अंग सैल सोडायचं नसतं, आवळायचं असतं. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात ही पद्धत बसवली: दंड, पोट, मांड्या 10-15 सेकंद घट्ट आवळायच्या, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग 20-30 सेकंद नॉर्मल व्हायचं, असं पाच वेळा. त्याने बीपी वर राहतं. कंपनीला हे सगळं लिहून पाठवलं तर 'रिलॅक्सेशन सर्वांसाठी सुरक्षित आहे' असं ठरलेलं उत्तर आलं. सुई बघून कधी बेशुद्ध पडला असाल तर हा भाग एकट्याने अजिबात करू नका, आधी सायकॉलॉजिस्टला भेटा.

बाकी हेडसेट जड आहे, आणि काहींना व्हीआरनेच मळमळतं, ती मळमळ भीतीची समजू नका.

उंचीला पाच स्टार, इंजेक्शनला एक, ॲपला मिळून तीन. स्नायू आवळायचा व्यायाम त्या भागात टाकला की रेटिंग बदलेन.