शर्यत कमिटीचा कारभार: प्रवेश फीच्या मोबदल्यात काय मिळाले

रिकामी बैलगाडी पळविण्याच्या शर्यतीत गाडीमालक प्रवेश फी भरतो ती नेमकी कशासाठी, हा प्रश्न गेल्या सुगीनंतर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावी मामांची खिलार जोडी घेऊन गेलो तेव्हा मला पडला. बक्षिसाची रक्कम देणगीदार देतात, मैदानासाठी शेत गावचाच कोणी मोकळे करून देतो आणि मंडप तरुण मंडळ घालते. उरते ती मोजणी आणि निवाडा. फी या दोन कामांची आहे असे मी मानतो आणि कमिटीचे परीक्षणही त्यांवरच करतो. जेवण चांगले होते, एवढे सांगून तो विषय संपवतो.

या मैदानाचा नियम साधा होता: एका मिनिटात जी जोडी सर्वाधिक अंतर कापेल ती पहिली, आणि अंतर फुटांत. नियम साधा असला तरी त्याची अंमलबजावणी साधी नसते. मिनिट संपल्याची शिट्टी सुरुवातीच्या रेषेवरून वाजवली, तर हजार फुटांवर गेलेल्या गाडीपर्यंत ती पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो, कारण आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो. तेवढ्या वेळात धावती जोडी कित्येक फूट पुढे जाते आणि लांब गेलेल्या जोडीला हा फुकटचा लाभ जास्त मिळतो. या कमिटीने पलीकडच्या टोकाला स्वतंत्र घड्याळ घेतलेला दुसरा पंच उभा केला होता आणि तो झेंडा पडताना पाहून घड्याळ सुरू करीत होता. मी पाहिलेल्या मैदानांत ही दक्षता विरळाच दिसते. माप बैलाच्या खुरापासून न घेता चाकाच्या पुढच्या कडेपासून घेतले जाईल, हेही पहिली गाडी सुटण्यापूर्वी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत ध्वनिक्षेपकावरून सांगितले गेले, त्यामुळे हुक्केरीकडून आलेल्या मंडळींनाही शंका राहिली नाही.

निवाड्याच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. एका जोडीने आखलेली पट्टी ओलांडली. पंचांनी ती बाद केली, मग मालकाने आवाज चढवल्यावर तिला पुन्हा पळण्याची संधी दिली. दुपारी अगदी तशाच चुकीबद्दल आमची जोडी बाद झाली, तेव्हा मामांनी पहिल्या जोडीचा दाखला दिला आणि उत्तर मिळाले, ‘‘काका, पंचांचा निर्णय अंतिम असतोय.’’ अंतिम असावा, त्याला आमची हरकत नाही. पण तो सकाळी आणि दुपारी एकच असावा. तक्रार लेखी घ्या म्हटले, तर त्यासाठी वहीच नव्हती. या कमिटीच्या वर दाद मागायला दुसरी कोणतीही संस्था नाही, हे खरे दुखणे आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली लिहून काढले आणि पुढे सगळीकडे तो खेळ एका चौकटीत आला; आमच्याकडे मात्र प्रत्येक गावची कमिटी हीच नियम करणारी, राबवणारी आणि न्याय देणारी असते.

कमिटीची जबाबदारी हल्ली कायद्यानेही वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टू (तमिळनाडूतील बैलाला आवरण्याचा खेळ) आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या, तमिळनाडूच्या दुरुस्तीसह, वैध ठरवल्या. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला महाराष्ट्राचे नियम लागू होतात. तेथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव 1000 मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, आणि अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्हीकडे जोड्या पळवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक चांगलाच माहीत असतो, आणि खेळ पुन्हा बंद पडायचा नसेल तर बैलाच्या अंगाला कोणी इजा करीत नाही ना, हे पाहणे बक्षीस वाटण्यापेक्षा मोठे काम आहे, हेही.

त्या कामात ही कमिटी अर्धी उतरली. सुटण्याच्या रेषेवर प्रत्येक गाडीवानाचे हात, कंबर आणि गाडीची साटी (बसण्याची चौकट) तपासली जात होती. पराणी (बैलाला टोचायची काठी) किंवा चाबूक सापडल्यास तो काढून घेतला जात होता आणि शेपटी पिरगाळणाऱ्या एकाला जागीच बाद केले गेले. (त्याच्या बाबतीत आवाज चढवण्याचा उपयोग झाला नाही, हे नमूद करतो.) जनावरांचे डॉक्टर मात्र दुपारी आले, तोवर निम्म्या जोड्या पळून झाल्या होत्या, त्यामुळे एका लंगडणाऱ्या बैलाला पळण्याआधी बाजूला काढायचे राहून गेले. डॉक्टर येईपर्यंत पहिली गाडी सोडायची नाही, एवढा एक नियम केला असता तर भागले असते.

मामा पुढच्या वर्षीही तेथेच जाणार आहेत, कारण मोजणीवर त्यांचा विश्वास बसला आहे. जाणाऱ्यांनी नावनोंदणीची पावती मागून घ्यावी आणि तिच्यावर गाडीचा क्रमांक लिहिला आहे याची खात्री करावी. बैलांसाठी पाण्याची टाकी भरलेली असते, पण ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे घरून दोन घमेली आणि वैरणीची पेंढी बरोबर न्यावी.