शिवणीच्या बॉडीची इलेक्ट्रिक गिटार : एका जुळणी-संचाचे परीक्षण

गेल्या वर्षी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मी मुंबईतील एका विक्रेत्याकडून टेलिकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचा जुळणी-संच, म्हणजे सुटे भाग स्वतः जोडून गिटार करायचा संच, मागवला. संचाची किंमत १४,८०० रुपये होती आणि रत्नागिरीपर्यंत पार्सल पोचवण्याचा खर्च वेगळा. गिटार मे महिन्यात वाजू लागली आणि त्यानंतर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात तिने एक अख्खा पावसाळा काढला, म्हणून आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते. संचातील नेक (गिटारचा लांब दांडा) पैसे वसूल करणारा आहे, विजेचे साहित्य कामचलाऊ आहे आणि बॉडी (खालचे धड) वापरण्यायोग्य नव्हती. ती बाजूला ठेवून मी गावच्या शिवणीच्या, म्हणजे शिवण या झाडाच्या, फळ्यांची नवी बॉडी करून घेतली. त्यामुळे हे परीक्षण संचाचे आहे, तसेच त्याच्यावर करावे लागलेल्या कामाचेही आहे.

पहिल्यांदाच गिटार बांधणाऱ्याने टेलिकास्टरचाच नमुना का घ्यावा, याचे कारण तिच्या रचनेत आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी ही गिटार १९५० मध्ये बाजारात आणली आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने विकली जाऊ लागली. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत; त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने वाद्याकडे पाहिले. सपाट फळीची बॉडी, तिच्यात कोरलेल्या खाचेत बसणारा आणि चार स्क्रूंनी आवळलेला नेक, वर एकाच पत्र्यावर बसवलेले पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्यांखालचे भाग) आणि स्विच, अशी ही मांडणी आहे. नेक सरसाने चिकटवायचा नसल्यामुळे एखादा भाग बिघडला किंवा पसंत पडला नाही तर तेवढाच बदलता येतो. माझ्या बाबतीत तर बॉडीच बदलावी लागली आणि तरीही बाकीचा संच वाया गेला नाही.

आधी नेकविषयी. तो मेपलचा आहे, फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबायची, धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेली फळी, रोझवुडचा, म्हणजे आपल्या शिसवीच्या कुळातल्या लाकडाचा आहे, आणि आत बाक कमी-जास्त करण्यासाठी ट्रस रॉड नावाची धातूची सळई आहे. खोक्यातून काढल्यावर मी पहिल्यांदा पट्टी घेतली. टेलिकास्टरमध्ये नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा, तारा टेकायचा भाग) तारेची मूळ लांबी ६४८ मिलिमीटर धरतात आणि पुढचा प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या भागावर येतो. त्या हिशेबाने पहिला फ्रेट नटपासून ३६.४, पाचवा १६२.६ आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ मिलिमीटरवर हवा. या नेकवर तिन्ही मापे जिथल्या तिथे निघाली. फ्रेटची टोके मात्र बोचत होती आणि चौदावा फ्रेट शेजारच्यांपेक्षा किंचित उंच होता. फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ ओढायची, सपाट कानस एकदा हलक्या हाताने फिरवायची आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहायचे, अशा रीतीने तो दोष एका संध्याकाळी निघाला. या किमतीत एवढे काम मान्य करायला हवे.

बॉडीची गोष्ट वेगळी. बासवुडची म्हणून विकलेली ही फळी रंगाने आणि रूपाने चांगली होती, पण ब्रिजची भोके कारखान्यातच पाडलेली होती आणि ती चुकीच्या जागी होती. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचे (ब्रिजवरचा, तार जिथे टेकते तो मागेपुढे सरकणारा तुकडा) अंतरही किमान ३२४ मिलिमीटर लागते, शिवाय दाबल्यावर तार ताणली जाऊन स्वर चढतो म्हणून त्यापुढे एक ते पाच मिलिमीटरची सवड ठेवावी लागते. नेक खाचेत बसवून आणि सॅडल पूर्ण मागे ओढून मोजले, तेव्हा हे अंतर ३२१ भरले. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर त्यांना सेंट म्हणतात, आणि या चुकीने बाराव्या फ्रेटवरचा प्रत्येक स्वर निव्वळ भूमितीमुळेच आठ सेंट चढा लागला असता. दाबाने होणारी चढ त्यात वेगळी. अशा गिटारची मोकळी तार कितीही नेमकी लावली तरी वरचे स्वर बेसूरच राहतात. जुनी भोके बुजवून तीनच मिलिमीटर मागे नवी पाडणे हे ठिसूळ काम होते, कारण नवे भोक अर्धे जुन्या भोकातच पडते. विक्रेत्याला मोजमापाचे फोटो पाठवले. त्याने बॉडी बदलून देण्याचे कबूल केले, आणि पुढचे सहा आठवडे फक्त आश्वासने आली. संच घेणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रहाचा सल्ला आहे की रंग किंवा पॉलिश यांपैकी कशालाही हात लावण्याआधी, पार्सल आले त्याच दिवशी, हे एक माप घ्यावे.

शिवणीच्या फळ्या आमच्या लांजा तालुक्यातील घराच्या माळ्यावर होत्या. घराच्या डागडुजीसाठी कापलेल्या झाडाच्या त्या उरलेल्या फळ्या, खाली चूल असल्यामुळे दोन वर्षे धुरात सुकलेल्या. शिवण हलकी असते, सुकताना फारशी तडकत किंवा पिळवटत नाही आणि रंध्याला सहज येते, हे कोकणातल्या कोणत्याही सुताराला ठाऊक असते. दमट हवेत राहणाऱ्या वाद्याला हेच गुण हवे असतात. साग माझ्या मनात होता, पण त्याच मापाची सागाची बॉडी तीन किलोच्या घरात गेली असती आणि ती तासभर खांद्यावर पेलवली नसती. फणसाचा पिवळा रंग मोह पाडणारा होता, मात्र पुरेशी सुकलेली फळी मिळाली नाही.

माळ्यावरची फळी सुकली आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दोन्ही फळ्या मी घरी आणून दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलत असे आणि वजन पेन्सिलीने फळीवरच लिहीत असे. पहिल्या फळीवरचा स्तंभ २.३८० पासून सुरू होतो, मग २.३५५, २.३३५, २.३२०, आणि शेवटचे तीन आकडे २.३१० असे सारखेच आहेत. जानेवारीच्या अखेरीस वजन उतरायचे थांबले तेव्हाच फळ्या सुतारांकडे नेल्या.

आमच्या वाडीतले सुतारकाका दरवाजे, देव्हारे आणि पालख्या करतात. गिटार त्यांनी आजवर केली नव्हती, पण दरवाजांच्या नक्षीसाठी त्यांच्याकडे राउटर, म्हणजे लाकूड कोरायचे विजेचे यंत्र, होता. मी कागदावरचा आराखडा पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारून संचातली चुकीची बॉडीच मागितली. "बाई, हिचा बाहेरचा आकार बरोबर आहे ना? मग साचा हिच्यावरूनच काढू. भोकांचं माप तेवढं तुम्ही द्या," ते म्हणाले. त्या बॉडीवरून प्लायवुडचा साचा निघाला. दोन फळ्या रंधून, कडा जोडून, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवल्या, जाडी ४४.५ मिलिमीटर ठेवली आणि साच्याला टेकून राउटर फिरवला. नेकची खाच सुमारे ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ खोल असते. काकांनी राउटरने ती अर्धा मिलिमीटर अरुंद ठेवली आणि उरलेले पटाशीने छिलत छिलत, दर दोन-तीन छिलक्यांनंतर नेक घालून पाहत, नेमके बसवले. शेवटी एकही स्क्रू न लावता नेक धरून गिटार उचलली तर बॉडी सुटून पडली नाही. ब्रिजची जागा ठरवण्यासाठी नटच्या दोन टोकांपासून दोन दोरे ताणले, ते फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर येतात याची खात्री केली आणि मगच गिरमिट लावले. या सगळ्याचे काकांनी २,५०० रुपये घेतले. माझ्या मते या गिटारवर खर्च झालेल्या रकमेतील सर्वांत योग्य रक्कम हीच.

पॉलिशचा निर्णय हवेने ठरवला. लाखेचे पॉलिश शिवणीवर सुरेख दिसते, पण ते घामाला आणि दमटपणाला टिकत नाही, पांढरे पडते. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेलही काकांनी सुचवले होते. ते लाकूड काळपट करते आणि कच्चे असताना कातडी भाजते, म्हणून अंगाला टेकवून वाजवण्याच्या वस्तूसाठी मी ते नाकारले. एप्रिलमध्ये, दुपारच्या कोरड्या वेळी, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे पातळ चार हात दिले आणि भोके, खाचा यांच्या आतूनही ते फिरवले. तयार बॉडी १ किलो ९५० ग्रॅम भरली.

विजेच्या साहित्यात पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) दोन, पॉट दोन, तीन जागांचा स्विच, एक कपॅसिटर आणि जॅक आहे. मल्टिमीटरवर ब्रिजकडचा पिकअप ६.८ किलोओहम दाखवतो, पॉट २५० ऐवजी २१८ आणि २३१ किलोओहम भरले. एवढा फरक अशा पॉटमध्ये नेहमीच असतो. खरी उणीव अर्थिंगची होती. मूळ टेलिकास्टरमध्ये ब्रिजकडच्या पिकअपखाली धातूचा पत्रा असतो, त्याला अर्थची तार जोडलेली असते आणि पिकअपच्या स्क्रूंमधून ती जोडणी आपोआप ब्रिजपर्यंत, तिथून तारांपर्यंत पोचते. या संचातील पिकअपला तो पत्राच नाही आणि त्याऐवजी लागणारी वेगळी तारही दिलेली नाही. सोबतच्या आकृतीत मूळ रचनाच छापलेली असल्यामुळे आकृतीबरहुकूम जोडणाऱ्याची गिटार घुरघुरत राहते आणि चूक कुठे झाली ते त्याला सापडत नाही. मी ब्रिजखाली उतरणारे तीन मिलिमीटरचे तिरपे भोक पाडून, पॉटच्या पाठीवरून एक तार काढून ब्रिजच्या पत्र्याखाली दाबली. तारांना हात लावताच ५० हर्ट्झची घरघर एकदम खाली बसली. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरायला २५ वॅटचे आयर्न पुरत नाही, हे बाजारपेठेतील टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या दादांनी दाखवून दिले आणि त्यांचे ६० वॅटचे आयर्न अर्ध्या तासासाठी दिले. उरलेली घरघर घराच्या अर्थिंगची होती. मे महिन्यात आमच्याकडचा जांभा इतका कोरडा पडतो की अर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळशा पाणी ओतल्यावर अॅम्प्लिफायर लक्षात येण्याइतका शांत झाला.

आवाज कसा आहे? ब्रिजकडचा पिकअप टणक आणि स्पष्ट आहे, नेककडचा थोडा दबलेला. पिकअपमधले चुंबक सिरॅमिकचे आहेत आणि पुढेमागे अल्निको या मिश्रधातूचे घालावेत असे मला वाटते, पण घाई नाही. शिवणीने आवाज बदलला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच पिकअपवर दुसरी बॉडी लावून ऐकलेले नाही. वाजवताना बरगडीला लागणारा कंप मात्र मला फार आवडतो.

पावसाळ्यात नेकचा बाक बदलला. मे महिन्यात सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.२ मिलिमीटर फट होती, जुलैच्या मध्यावर ती ०.३५ झाली, ट्रस रॉडला पाव फेरा दिल्यावर ती पूर्ववत झाली आणि बाराव्या फ्रेटवरची उंची पुन्हा १.६ मिलिमीटरवर आली. बॉडीची सांधरेषा बोटालाही लागत नाही. संचासोबतच्या तारा तीन आठवड्यांत गंजून खरखरीत झाल्या, त्यामुळे समुद्रालगत राहणाऱ्यांनी आवरण असलेल्या तारा घ्याव्यात आणि वाजवून झाल्यावर सुती फडक्याने कोरड्या पुसाव्यात. ब्रिजचे स्क्रूही मी स्टेनलेस स्टीलचे घातले.

एकूण खर्च २१,३०० रुपये झाला. तेवढ्यात तयार गिटार मिळते आणि ज्याला लगेच वाजवायचे आहे त्याने तीच घ्यावी. ज्याला वाद्याचा प्रत्येक भाग स्वतः मोजून बसवायचा आहे, ज्याच्या ओळखीत एक चांगला सुतार आहे आणि सहा-सात महिने थांबायची तयारी आहे, त्याला मी या जातीचा संच घ्यायला सांगेन, मात्र बॉडीविना नुसता नेक आणि साहित्य मिळत असेल तर आधी तेच विचारावे.

एक दोष अजून शिल्लक आहे आणि तो गणपतीत उघड झाला. वाडीतल्या भजनात मी पेटीसोबत बसले. पेटी ट्यूनरच्या मापापेक्षा जराशी चढी असल्यामुळे सहाव्या तारेची पांढरी तीन तिच्याशी जुळवून घेतली आणि बाकीच्या तारा तिच्यावरून लावल्या. मोकळ्या तारा मिळाल्या, पण पेटीचा स्वर लांबत असताना तिसऱ्या तारेवर वरच्या फ्रेटवर गेले की स्वरांत लहर उठत होती. या ब्रिजला जुन्या पद्धतीची तीनच सॅडल आहेत, प्रत्येकावर दोन तारा. मधल्या सॅडलवर चौथी वेटोळ्याची (वरून बारीक तार गुंडाळलेली) आणि तिसरी साधी तार शेजारी बसतात, आणि साध्या तारेला जास्त सवड लागते. एकीची लांबी बरोबर केली की दुसरी चार-पाच सेंट चुकते. यावर तिरपी घडवलेली सॅडल मिळतात. मी तीन सॅडलचा जोड मागवला आहे. तो आल्यावर मधले सॅडल पहिल्यांदा बदलेन आणि भजनातल्या त्याच पेटीशेजारी बसून पुन्हा जुळवून पाहीन.