पोलराइज्ड गॉगल: नवतप्यापासून धान खरेदीपर्यंतचा अनुभव

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या पुढे धानाच्या पट्ट्यात आमची शेती. बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत पाणी, कोपऱ्यात बोडी म्हणजे छोटं तळं, गावाला लागून मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. वरच्या उन्हाचं काय, डोक्याला दुपट्टा बांधला की भागतं. खालून पाण्यावरून डोळ्यांत घुसणाऱ्या चमकेला मात्र दुपट्टा काही करत नाही. म्हणून यंदा नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या तोंडावर नागपूरहून पोलराइज्ड गॉगल आणला. पंधराशेच्या आसपास पडला. आता धान विकून झालं, तेव्हा निवांत लिहितो.

उन्हाळ्यात खरं सांगायचं तर फार फरक जाणवला नाही. कोरडी माती, धुळीचा रस्ता, तापलेलं रान यांच्यावरून उजेड चारी बाजूंना विखुरतो. तिथे साधा काळा गॉगल आणि हा, जवळपास सारखेच. पैसे पाण्यात गेले असं वाटत होतं. ते वसूलही पाण्यातच झाले.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली आणि खरी गंमत कळली. सकाळी नवाच्या सुमारास बांधीत उभं राहिलं की समोर सगळं पांढरं फटक दिसतं. गॉगल लावला की तो पांढरा पडदा जातो आणि खालचा चिखल, पऱ्ह्यांची (रोपांची) बुडं, धुऱ्याला (बांधाला) खेकड्याने पाडलेलं भोकसुद्धा दिसतं. या भोकाचं महत्त्व धानवाल्यालाच कळेल. रात्रभर तिथून पाणी झिरपतं आणि सकाळी खालच्या बांधीवाला खूश. पूर्वी पायाने चाचपत शोधावं लागायचं. यंदा धुऱ्यावरून चालता चालता दोन भोकं बुजवली.

हे होतं कसं? उजेडाच्या लहरी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पण सपाट पाण्यावर तिरपा उजेड पडून परतला की त्यात आडव्या थरथरीचाच भाग जास्त राहतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मालुस यांनी 1808 मध्ये परावर्तित उजेडाचा हा गुण पाहिला, आणि कोणत्या कोनात तो पुरता आडवा होतो याचा नियम ब्रूस्टर यांनी 1815 मध्ये मांडला. गॉगलच्या काचेत एक पातळ फिल्म असते. ती आडवा भाग गिळते आणि उभा तेवढा आत सोडते. पटत नसेल तर गॉगल लावून पाण्याकडे बघा आणि मान खांद्याकडे वाकवा. गेलेली चमक परत येते.

पाण्यासाठी हा कोन सरळ उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांचा, म्हणजे सूर्य क्षितिजापासून 37 अंशांच्या आसपास असताना परिणाम सगळ्यात भारी. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत ती वेळ सकाळी साडेआठ-नऊला आणि दुपारी चारच्या सुमारास येते. तेव्हा उभ्या माणसाच्या पुढ्यात दोन-एक मीटरवर जी झगमग असते, ती जवळजवळ पूर्ण कापली जाते. सूर्य अगदी टेकलेला असला की तेवढा उपयोग नाही. ओल्या डांबरी रस्त्यावरही लांबची चमक कमी होते, पण पुसली जात नाही. टिनाच्या कोऱ्या पत्र्याचं तर सांगूच नका. धातूवरची चमक अशी आडवी होत नाही, त्यामुळे गोदामाचं छप्पर आधी डोळे दिपवायचं तसंच आजही दिपवतं.

तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवर भावांनी पण लावून पाहिला. पावसाळ्यात पाणी गढूळ, तेव्हा चमक गेली तरी खाली चिखलच. दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा काठाजवळची बोटुकली (माशांची पिल्लं) आणि पाण्याखालची वनस्पती स्वच्छ दिसायला लागली. एकाने लगेच विचारलं, "कितीले पडला भाऊ?" त्याआधी पानठेल्यावर मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "काऊन रे, डोळे आले का?"

आता तक्रारी. मोबाइल आडवा धरला की पडदा काळा ठिक्कर. हा दोष म्हणता येणार नाही, कारण एलसीडी पडद्यातून बाहेर येणारा उजेड आधीच एका दिशेचा असतो. धान खरेदी केंद्रावर ओलावा मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मला दिसेचनात. 17 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की माल परत, आणि मी आपला मान वाकडी करून बघतोय! शेवटी गॉगल काढला. काट्यावरचे लाल एलईडी आकडे मात्र व्यवस्थित दिसतात. जीपच्या मागच्या काचेवर कधी निळसर ठिपके दिसतात. काच कडक करताना तिच्यात जो ताण राहतो, त्याचे ते डाग; घाबरायचं काम नाही.

अंधार पडायला लागला की गॉगल खिशात. तो पोलराइज्ड आहे की नाही हा प्रश्न इथे येतच नाही. माझी काच तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे 8 ते 18 टक्के उजेडच आत सोडणारी. देवरीकडच्या जंगलाच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला रानडुक्कर आडवं येतं, तेव्हा डोळ्याला मिळेल तेवढा उजेड हवा. चौथ्या श्रेणीची काच तर दिवसाही गाडी चालवताना वापरायची नाही.

घेताना एक गोष्ट नीट समजून घ्या. पोलराइज्ड असणं वेगळं आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. त्यासाठी यूव्ही 400 लिहिलेलं पाहा, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. नुसती गडद, पण हे किरण न अडवणारी काच साध्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात. बाजारातल्या दीडशेच्या गॉगलवरही पोलराइज्डचं स्टिकर असतं. दुकानात दोन गॉगल समोरासमोर धरा आणि एक काटकोनात फिरवा. पलीकडचं काळं झालं तर माल खरा, नाहीतर ठेवा परत.

इतक्या महिन्यांत फ्रेम टिकली, पण उजव्या काचेवर बारीक चरे आले आहेत. धूळ बसलेली असताना दुपट्ट्याने पुसलं की हे होणारच, आधी पाण्याने धुवायला हवं. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका, उष्णतेने आतली फिल्म सुटू शकते. ज्यांना नंबर आहे त्यांच्यासाठी चष्म्यावर अडकवायची पोलराइज्ड क्लिप मिळते. आमच्या काकांनी तीच घेतली आणि ती माझ्यापेक्षा स्वस्तात पडली.