स्मरणिकेत दुसऱ्याचं लेखन: साभार छापावं, विचारून छापावं की उतारा घ्यावा?

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं की पहिले पंधरा दिवस जाहिराती गोळा करण्यात जातात. मग एक दिवस डीटीपीवाला विचारतो, "मजकूर कुठाय?" तेव्हा लक्षात येतं की कबूल केलेल्या पाच जणांपैकी एकाचाच लेख आलाय, तोही सिंगापूरच्या सहलीचा. आठ पानं अजून रिकामी. नेमका त्याच वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पुरवणीतला एक सुरेख लेख टाकतं आणि खाली लगेच सूचना येते: "हाच घेऊ या की. साभार लिहू."

सहा वर्षं मी हे काम केलंय. पहिली दोन वर्षं मीही साभार लिहूनच मोकळा झालो होतो. आता ज्यांच्यावर ही पाळी आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

साभारचा मार्ग सर्वांत सोपा आणि फुकट. पण साभार म्हणजे आभारासह, परवानगीसह नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन कागदावर उतरलं की हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, 'सर्व हक्क राखीव' असं लिहावंही लागत नाही. त्यामुळे सबंध लेख न विचारता छापला, तर खाली नाव दिल्यानं उल्लंघन टळत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. उल्लंघन कमाईसाठी नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं. "आम्ही कुठे विकतो?" या युक्तिवादाला एवढीच किंमत, आणि मुखपृष्ठामागे सराफाची रंगीत जाहिरात असेल तर तेवढीही उरेल की नाही, शंका आहे.

एक पळवाट खरी आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख वृत्तपत्राला किंवा नियतकालिकाला पुन्हा छापता येतो, लेखकानं तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. पण आपल्याला हवं असतं ललित किंवा कविता. ते त्यात बसत नाही.

आता खरं बोलायचं तर सोसायटीच्या तीनशे प्रतींवर कोण खटला भरणार? बहुधा कुणीच नाही. म्हणूनच मला कायद्यापेक्षा दुसरी बाजू महत्त्वाची वाटते, आणि ती मला माझ्याच लेखानं शिकवली. आजीवर लिहिलं होतं. दोन वर्षांनी एका दुसऱ्या कॉलनीच्या अंकात तो लेख भेटला, खाली 'साभार: व्हॉट्सॲप'. माझ्या लेखात आजी शेवटपर्यंत गावी परत जात नाही. त्यांच्या अंकात ती गेली होती, आणि जाताना नव्या पिढीला संदेशही देऊन गेली होती! नाव गेल्याचं वाईट वाटलं, पण त्या संदेशानं डोकंच फिरलं. कायद्याचं ५७ वं कलम नेमकं या दोन दुखण्यांसाठी आहे. लेखन आपलं म्हणण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, त्यानं कॉपीराइट विकला असला तरीही.

परवानगीला लोक घाबरतात ते विनाकारण. खर्च एका फोनचा आणि चार दिवसांच्या वाट पाहण्याचा. विचारायचं कुणाला, एवढंच कळायला हवं. लेखक वृत्तपत्राचा पगारी नोकर असेल तर छापण्याचा हक्क सहसा मालकाकडे असतो; बाहेरून लिहिणारा असेल आणि त्यानं हक्क लेखी दिला नसेल तर त्याच्याचकडे. परवानगी लेखी हवी, म्हणून फोननंतर मी मेसेज टाकतो: "आपला अमुक लेख आमच्या ३०० प्रतींच्या स्मरणिकेत, यंदापुरता, एकही शब्द न बदलता, आपल्या नावासह छापू का? अंक मोफत वाटतो, जाहिराती आहेत, मानधन ५०० रुपये देऊ शकतो." जाहिरातींचं लपवू नये. एका कवींनी उत्तर दिलं, "मानधन राहू द्या, प्रूफ पाठवा." पाठवलं, तर तिसऱ्या ओळीतला 'पाणी' डीटीपीत 'पानी' झालेला सापडला. नकारही एकदा आला. तो लेख त्यांच्या येणाऱ्या संग्रहात जाणार होता. वाईट वाटलं, पण विषय तिथंच संपला.

उताऱ्याला परवानगी लागत नाही, पण त्याच्याभोवती आपलं काहीतरी हवं. समीक्षा किंवा परीक्षणासाठी वाजवी वापर कायद्याला चालतो. "दहा टक्के चालतं" हे मी कमिटीत दरवर्षी ऐकतो. असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यामुळे मूळ वाचायची गरजच संपते का, हे पाहिलं जातं. बारा ओळींच्या कवितेतल्या आठ ओळी म्हणजे उतारा नव्हे. पानाच्या तळाशी जागा भरायला टाकलेली चारोळी तर नाहीच नाही.

मुदत संपलेलं लेखन मात्र खरोखर मोकळं असतं. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून मोकळे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यामुळे मराठी भाषा दिनाला सर्रास छापल्या जाणाऱ्या त्यांच्या कवितांवर २०५९ संपेपर्यंत हक्क आहे. बहिणाबाईंचा हिशेब वेगळा. त्या १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला, आणि मरणोत्तर प्रकाशनाची मुदत प्रकाशनापासून धरतात. तरी त्या कविता २०१३ पासून मोकळ्या. पण त्याच पुस्तकाची अत्र्यांची प्रस्तावना मोकळी नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून २०२९ संपेपर्यंत थांबायचं. तुकारामांच्या अभंगांचंही तसंच: अभंग कुणीही छापावेत, आजच्या अभ्यासकाचं निरूपण विचारून. या मार्गात पैसे वाचतात, पण मूळ पुस्तक हुडकून पाठ ताडून पाहण्यात एक संध्याकाळ जाते. फॉरवर्डवरून उचलू नका. तिथं पुलंच्या नावावर काय काय खपतं ते सर्वांना ठाऊक आहे.

मग निवडायचं काय? छपाईला आठवडा असेल आणि लेखक हयात असेल तर फोन, डोळे मिटून. दोनच दिवस उरले असतील तर जुनी कविता. पुस्तक आवडलं असेल आणि त्यावर लिहिणारं कुणी घरात असेल तर उतारा, आणि मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत जास्त आवडतो, कारण अंकात निदान आपलं माणूस तरी दिसतं. 'साभार' हा शब्द ठेवावा, पण परवानगी हाती आल्यावर.

यंदाच्या आमच्या आठ पानांत तीन पानांचा एक लेख विचारून घेतलेला, एक पान बहिणाबाई, दोन पानांत बी विंगमधल्या नववीतल्या मुलीनं एका कादंबरीवर भांडून लिहिलेलं परीक्षण, एका पानावर लहान मुलांची चित्रं. आठवं पान काही केल्या भरेना. शेवटी तिथं खजिनदारांनी वर्षाचा हिशेब छापला.