वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग: ट्रॅपडोअर कोळ्याची नवी प्रजाती मांडणाऱ्यांसाठी

नवी प्रजाती जाहीर करायची तर आधी जुनी सगळी नावं चाळावी लागतात. बिळाला झाकण लावणारा ट्रॅपडोअर असो की दुसरा कुठला, कोळ्यांच्या बाबतीत त्यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातलं निसर्ग इतिहास संग्रहालय चालवत असलेल्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगइतकी भरवशाची दुसरी सोय नाही. अमेरिकन कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली ही यादी 2014 पासून बर्नकडे आहे आणि 2022 मध्ये तिने 50,000 प्रजातींचा टप्पा ओलांडला. वापरायला पैसे पडत नाहीत. मोफत नोंदणी केली की जुन्या शोधनिबंधांच्या पीडीएफही उतरवता येतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जे जर्नल कधीच येणार नाही ते असं घरबसल्या वाचायला मिळतं, आणि आपल्याकडच्या अभ्यासकाला याचं मोल फार आहे.

मात्र हा कॅटलॉग कोळी ओळखून देत नाही. त्यात ओळखीची किल्ली, म्हणजे लक्षणं पडताळत नावापर्यंत नेणारा तक्ता, नाही. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आधी आपणच सूक्ष्मदर्शकाखाली ठरवायचा. इडिऑप्स या ट्रॅपडोअर कोळ्यांच्या जीनसमध्ये दोन डोळे अगदी पुढच्या कडेला आणि बाकीचे सहा मागे एका गटात असतात. कोनोथेले या दुसऱ्या जीनसच्या तिसऱ्या पायाच्या टिबियावर (पायाच्या एका खंडावर) खोगिरासारखा खोलगट भाग दिसतो. एवढं पक्कं झाल्यावरच त्या जीनसचं पान उघडावं.

खरी किंमत त्या पानावर कळते. प्रत्येक प्रजातीखाली मूळ वर्णनापासून पुढचे संदर्भ ओळीने दिलेले असतात आणि शेवटी कंसात खुणा असतात: ‘डी’ म्हणजे पहिलं वर्णन, ‘एम’ नर, ‘एफ’ मादी. या खुणा घाईत वाचू नयेत. जुन्या प्रजातीखाली फक्त ‘एफ’ असेल आणि आपल्या हाती फक्त नर असेल, तर तुलनाच होत नाही. आपली ‘नवी’ प्रजाती त्या जुन्या मादीचा नर निघू शकते. अशा वेळी जुन्या प्रजातीच्या मूळ ठिकाणी जाऊन नर मिळवावा. नर बहुतेक वेळा पावसाळ्याच्या आसपास बिळाबाहेर फिरताना सापडतात. अपूर्ण वाढीच्या पिल्लावरून तर वर्णन करूच नये.

लेखकाचं नाव कंसात असेल तर प्रजाती मूळच्या जीनसमधून हलवली आहे, हे ध्यानात ठेवावं. ग्रेव्हली यांनी 1921 मध्ये चिल्का सरोवरातल्या बारकुडा बेटावरून वर्णन केलेला अ‍ॅकँथोडॉन बारकुडेन्सिस आता इडिऑप्समध्ये आहे. कोनोथेले तर 2018 मध्ये टेनिझिडी कुळातून हॅलोनोप्रोक्टिडीत गेला. जुनं पुस्तक समोर ठेवून शोधणारा इथे हमखास चुकतो.

उणीव सांगायची तर प्रसार देशपातळीवरच दिलेला असतो. ‘भारत’ एवढ्यावरून कोकण की कोरोमंडल हे कळत नाही, त्यासाठी मूळ निबंध उघडावाच लागतो. चित्रं नसलेले निबंध आणि निव्वळ परिसंस्थेवरचे लेख यादीत बहुधा येत नाहीत, म्हणून बिळाच्या झाकणाची किंवा मातीची माहिती इतरत्र शोधावी लागते.

मूळ निबंधातल्या आकृतीशी जुळणी करताना नराच्या पाल्पचा (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाचा) बल्ब, म्हणजे फुगीर भाग, त्याच कोनातून टिपावा. जरा कलला तरी टोकाचा एम्बोलस (शुक्राणू सोडणारी निमुळती नळी) आखूड दिसतो आणि खोटा फरक हाती येतो. मादीची स्पर्मथेका (शुक्राणू साठवणारी पिशवी) कापून लवंग तेलात किंवा लॅक्टिक आम्लात पारदर्शक करावी. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरत असाल तर सतत नजर ठेवा, जास्त वेळ राहिली तर ती फिकट होऊन आकारच हरवतो. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, पण एक पाय डीएनएसाठी आधीच काढून निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवावा.

कॅटलॉगमध्ये नाव येतं ते प्रसिद्ध झाल्यावर, तिथे आपण अर्ज करायचा नसतो. निबंधात प्रजाती नवी असल्याचा स्पष्ट उल्लेख, होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेलं असतं तो) आणि तो कुठे जमा केला हे हवंच. आपल्याकडे तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी किंवा झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संग्रहात देता येतो. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तो क्रमांक निबंधातच छापावा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

यादी सतत बदलते. हस्तलिखित पाठवायच्या दिवशी जीनसचं पान पुन्हा उघडावं आणि आवृत्ती क्रमांकासह पाहिल्याची तारीख संदर्भात द्यावी.