खाऱ्या हवेत कॅरॅव्हॅनची राखण : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दापोली तालुक्यातील किनाऱ्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या आवारात जीपमागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन उभी असते आणि सुट्ट्यांत ती मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत फिरते. चोरीपासून तिचे रक्षण व्हावे म्हणून कपलरचे (कॅरॅव्हॅन जीपला जिथे जोडतात त्या भागाचे) कुलूप, चाक अडकवून ठेवणारा क्लॅम्प, गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर आणि दरवाजाचा भोंगा अशा वस्तू बसवल्या. एक पूर्ण पावसाळा उलटल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, कोकणात यांपैकी काहीही घेताना ते किती जाड आहे यापेक्षा खाऱ्या हवेत किती टिकते हे आधी पाहावे. कारण अडकणारे कुलूप लावण्याचा माणसाला कंटाळा येऊ लागतो आणि चोराला तेवढे पुरते.

कपलरच्या केवळ खटक्याला लावायची पिन स्वस्त मिळते, पण तिने, जीपमागचा गोळा ज्यात बसतो तो, जोडणीचा खळगा मोकळाच राहतो. खळग्यात स्वतःचा गोळा बसवून बाहेरून बंद होणारे कुलूप अधिक भरवशाचे आहे. तरीही चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) साखळी बांधून गाडी फरफटत नेता येतेच, आणि तिला अडवतो तो चाकाचा क्लॅम्प. आमच्या क्लॅम्पचा रंग जिथे खरवडला तिथूनच श्रावणापूर्वी गंज धरू लागला होता. पितळी कुलपाचे अंग गंजत नाही, पण त्याची पोलादी कडी गंजते, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्टेनलेस स्टील घ्यायचेच असेल तर 304 ऐवजी 316 क्रमांकाचे घ्यावे. त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. किल्लीच्या भोकात पातळ तेल घातल्यास ते बारीक वाळू धरून ठेवते. त्याऐवजी टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे नियमाने मारल्यापासून आमची कुलपे विनासायास उघडतात.

ट्रॅकरविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. तो आपली जागा उपग्रहांवरून ओळखतो, मात्र ती आपल्याला मोबाइल नेटवर्कवरूनच कळवतो. त्यामुळे घाटात किंवा डोंगराआडच्या एखाद्या खाडीकाठी नकाशावरचा ठिपका जुन्याच जागी थांबून राहतो. 2जीवर चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये जिओचे सिम चालत नाही, तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या गावात कोणाची रेंज येते ते तपासावे. तो पत्र्याखाली न लपवता फायबरच्या भागामागे बसवावा. पावसाळ्यात ताडपत्री घातली की बॅटरी भरणारे सौर पॅनेल काम करत नाही, बॅटरी हळूहळू उतरते आणि नेमक्या ज्या महिन्यांत गाडीकडे कोणी फिरकत नाही त्याच काळात ट्रॅकर मुका होतो. यासाठी घरातील विजेवर चालणारा चार्जर आता कायम जोडलेला असतो.

हालचाल टिपणारा भोंगा वादळी वाऱ्यात, माडाची झावळी पडली तरी, वाजत असे आणि शेजाऱ्यांनी त्याकडे लक्ष देणे सोडले होते. दाराच्या चौकटीवरील चुंबकाचा स्विच मात्र दार उघडले तरच वाजतो, म्हणून आता तोच ठेवला आहे.

आतील सामानात बॅटरी, इन्व्हर्टर आणि गॅसचा सिलिंडर यांवर डोळा असण्याची शक्यता अधिक. सिलिंडरच्या कप्प्याला कुलूप जरूर लावावे, पण त्याच्या तळाची जाळी कधीही बुजवू नये. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खालूनच बाहेर पडतो. दरवाजाला बाहेरून कोयंडा लावण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण आत कोणी झोपलेले असताना आग लागली तर सुटकेची वाटच उरत नाही.

वाहनाच्या सर्वसमावेशक विम्यात वैयक्तिक सामान सहसा धरलेले नसते, आणि नंतर बसवलेली उपकरणेही पॉलिसीत नोंदवावी लागतात. त्यांचे अनुक्रमांक, बिले आणि छायाचित्रे घरी वेगळी ठेवावीत. चोरी आढळताच 112 वर कळवून पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल नोंदवताना, तसेच विमा कंपनीकडे दावा करताना, हीच कागदपत्रे पुढे करावी लागतात. चोरीच्या दाव्यात कंपन्या मूळ किल्ल्यांचे दोन्ही संच मागतात, म्हणून दुसरा संच कॅरॅव्हॅनच्या कपाटात न ठेवता घरीच ठेवावा.